कुंचीचा कच्चा टाका

मी मूळची समुद्राकाठची. लग्न होऊन जुन्या जालन्यात आले तेव्हा इकडे निजामाचं राज्य होतं. वाटेत करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं माझी ट्रंक उघडून साड्यांच्या घड्या विस्कटल्या, तेव्हाच मनात आलं, बाई गं, आपण परमुलखात चाललो. बोली म्हणाल तर मराठीच. पण रोजच्या वस्तूंची नावं निराळी, आणि दिवस गेल्यावर तर माझी पार फजिती झाली.

माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. सातव्या महिन्यात सासूबाई ओट्यावर बसून भराभर सांगू लागल्या, "दोन वाकळा लागतीन, चार टकुची, एक कुंची, करदोडा, आन् झोळीला जुनं लुगडं. ध्यानात राह्यलं का बराबर?" मी मान डोलावली. त्यातलं मला जुनं लुगडं तेवढं कळलं होतं. विचारायची सोय नव्हती. आधी एकदा विचारलं तर शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. एक म्हणाली, "कोकणात लेकरं नारळाच्या करवंटीत निजवतेत का गं?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी ठरवलं, मरेन पण विचारणार नाही. मूर्खपणा, दुसरं काय!

आक्कांनी ते ओळखलं. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, घरातली सगळी कामं मुकाट्यानं उरकणारी. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की त्या मला माजघरात बोलवायच्या. वस्तू आधी हातात द्यायच्या, मग नाव सांगायच्या. जुन्या लुगड्यांच्या थरांची जाड गोधडी मांडीवर टाकून म्हणाल्या, "ही वाकळ." मग, "हे टकुचं, म्हंजी तुमचं टोपडं." करदोडा माझ्या मनगटाला गुंडाळून दाखवला, "हा लेकराच्या कमरंला." तो आमचा करगोटाच निघाला. कुंची तेवढी त्यांच्यापाशी नव्हती. म्हणून त्यांनी आपला पदर माझ्या डोक्यावरून घेतला, हनुवटीखाली धरला आणि उरलेला पाठीवर सोडला. "अशी असती. डोकंबी झाकतं, पाठबी झाकती. पुसाच्या थंडीत हिच्याबिगर लेकरू बिलकुल ठिवायचं न्हाई." आमच्याकडं थंडी कुठली, कुंची मी पाहिलीच नव्हती. आई गेल्यापासून माझी हनुवटी अशी कुणी धरली नव्हती. मला रडूच आलं.

एकदा मी विचारलं, "आक्का, तुम्हाला हे सगळं इतकं कसं माहीत?"

त्या वाकळीला टाके घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तीन येळा झोळी बांधली मी. तिन्ही येळा रिकामी सोडली." आणि पुढचा टाका घातला.

त्यांचं एकही मूल चालायला लागेपर्यंत जगलं नव्हतं. म्हणून आमच्या घरात त्यांनी बाळाच्या कपड्याला हात लावायचा नव्हता. ज्या घरची मुलं जगली आहेत तिथून पहिलं अंगडं-टोपडं मागून आणायचं, अशी रीत होती. शेजारच्या मारवाडणीची पाचही पोरं धडधाकट, तिच्याकडून सासूबाईंनी सगळं मागून आणलं. आक्कांनी बारशापर्यंत बाळंतिणीच्या खोलीत यायचं नाही, हेही बजावलं. आक्का समोरच उभ्या होत्या. मी खाली मान घालून मारवाडणीची टोपडी घडी करत राहिले.

नववा लागला तसं आक्कांनी एक घडी माझ्या हातात कोंबली. हिरव्या खणाची कुंची, लाल काठाची. "मायला सांगू नगं. घरातल्या घरात एकदा घाल. माझ्या हातची कुंची घातलेलं जितं लेकरू बघावं वाटतं गं, दुसरं काई न्हाई." मी म्हटलं, "घालीन आक्का, तुमची शपथ."

ऐन पुसात मुलगा झाला. कुंची माझ्या उशाखाली होती. सासूबाई धुणं घेऊन नदीवर गेल्या की मी उशाखाली हात घालायची आणि काढून घ्यायची. दोनदा केलं, तीनदा केलं. अडवायला घरात कुणी नव्हतं हो! मीच भ्याले. सासूबाईंचा इतका राग यायचा मला, आणि तीन लेकरं गेलेल्या बाईचा हात हे माझ्याही मनात आलंच. घडीसुद्धा उलगडली नाही मी. थंडीनं पोर कुडकुडायचं, तर त्याला मारवाडणीचं टोपडं घालून छातीशी धरून बसायची.

बारसं झालं, बायका पांगल्या, तशा आक्का दारात आल्या. उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या. "कुंची बसली का गं?"

"बसली की! अगदी बराबर बसली," मी जल्दीनं म्हणाले.

आक्का हळूच म्हणाल्या, "तोंड शिवलेलं व्हतं तिचं."

माझा हात आपसूक उशाकडं गेला.

"मीच कच्चा टाका घातल्ता. देताना माझ्याबी मनात माझ्याच हाताचं भ्या आलं. म्हनलं, जिला मनापासून घालायची आसंल ती उसवून घालंल. न्हाई तर तशीच ऱ्हाईल."

मी उशाखालून कुंची ओढून काढली. चेहऱ्याच्या जागी खरंच पांढरा दोरा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तो दातानं तोडायला लागले. घाईत दोरा दातात सापडेना. "आत्ता घालते आक्का, आत्ता घालते," एवढंच तोंडातून येत होतं.

आक्का पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आल्या. माझे दोन्ही हात धरले. "ऱ्हाऊ दे पोरी. भीत भीत घालू नगं लेकराला."

कुंची माझ्या हातातून घेऊन त्यांनी नीट घडी केली आणि पदराखाली धरली. पोर तिथंच शेजारी जागं होतं, हातपाय हलवत होतं. त्याच्याकडं नजरही न टाकता त्या बाहेर गेल्या.