धाकटीची पाठ

बारा वर्षं झाली त्या भांडणाला. मी जिन्यात बसून वाटाणे सोलत होते आणि खाली दुकानात माझा दीर बायकोला म्हणाला, "डॉक्टरीण सांगते आहे तर करून घे ना. पुन्हा पूर्वीसारखी होशील."

कात्रीचा आवाज थांबला.

"पूर्वीसारखी म्हणजे? आत्ता कशी आहे मी?"

वेळेवर सुचणं हा भाऊजींचा गुण नव्हेच. "तसं नव्हे गं" एवढं म्हणून ते हातगाडी घेऊन बाहेर पडले, तीही रिकामी. मी वाटाण्यांसकट वर पळाले. मी ऐकलं हे कळतं, तर दोघांनी मिळून मलाच धारेवर धरलं असतं.

ही बायको म्हणजे माझी धाकटी जाऊ. आम्ही वर राहायचो, ती दोघं खाली, आणि खालची रस्त्याकडची खोली म्हणजे दुकान. जुने सोफे, खुर्च्या उसवून नव्याने भरायच्या आणि त्यांवर कापड चढवायचं. लाकडाचं काम भाऊजींचं, बाकी सगळं तिचं. कामाला लागली की मूठभर बारीक खिळे तोंडात. जिभेने एकेक पुढे आणायचा, हातोडीच्या चुंबकाला चिकटवायचा आणि ठोकायचा. त्यामुळे दिवसभर तिचं बोलणं म्हणजे "हुं" नाहीतर "उंहूं". खिळे हातात काढून घेतले की समजायचं, आता आपली धडगत नाही.

भांडणाच्या आदल्या वर्षी गाठ निघाली आणि तिची डावी छाती काढून टाकावी लागली. मग औषधं झाली, रेडिएशनचा शेक झाला. केस गेले ते परत येताना कुरळे आले, त्यावर ती खूशही झाली. पण पुढे पुढे गप्प होत गेली. भाऊजींचे ढगळ शर्ट घालायला लागली. गिऱ्हाईक आलं की कापडाचा तागा छातीशी धरून उभी राहायची. नवी छाती करता येते, घाई नाही, विचार करून सांगा, असं डॉक्टरणीने सांगितलं होतं. ही हो म्हणेना की नाही म्हणेना. आणि त्या भांडणानंतर तर दोघं एकमेकांशी इतक्या अदबीने बोलायला लागली की मला धडकीच भरली.

नीट विचारून यायचं ठरलं तेव्हा तिने मला सोबत नेलं, भाऊजींना नाही.

डॉक्टरीण वयाने माझ्या लेकीएवढी, पण समजावून सांगणारी. मला लिहिलेलं फारसं वाचता येत नाही म्हटल्यावर तिने चित्रं काढली. एक मार्ग म्हणजे आत सिलिकॉनची पिशवी बसवायची. नमुन्याची पिशवी तिने पुढे केली. धाकटीने ती अंगठ्याने दाबली, सोडली, कशी वर येते ते पाहिलं, कडेने चाचपली. मला वाटलं, आता ही वास घेते की काय.

"किती वर्षं टिकते?"

बऱ्याच जणींना दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते, डॉक्टरीण म्हणाली. शिवाय शेक दिलेली कातडी आवळते, म्हणून हिच्या बाबतीत नुसती पिशवी घालणं तिला पसंत नव्हतं. दुसरा मार्ग पोटावरचं मांस घ्यायचा. हिच्या पोटाकडे बघून तिने तो बेत सोडला. तिथे चिमटीत येण्याइतकंही नव्हतं. मी माझं देऊ केलं, पण तसं चालत नाही म्हणे.

राहिली पाठ. पाठीचा एक स्नायू कातडीसकट काखेखालून फिरवून पुढे आणायचा. हे ऐकून धाकटी खुर्चीत सरसावून बसली. हे तर तिचंच काम. जुन्या कापडाचा जोड बाजारात मिळेनासा झाला की ती सोफ्याच्या मागचं कापड उसवून पुढच्या फाटक्या जागी लावायची आणि मागे दुसरं साधं चढवायची. भिंतीला टेकवला की कुणाला पत्ता लागत नाही.

"तो स्नायू काय काम करतो?" तिने विचारलं.

हात खाली, मागे ओढायला लागतो, डॉक्टरीण म्हणाली. रोजच्या कामात बहुतेक बायकांचं फारसं अडत नाही. तुमचं काम काय?

धाकटी उठलीच. सोफ्याच्या सांगाड्यावर पट्टे ताणतात तसं तिने हवेत ताणून दाखवलं, एक पाय टेबलाला लावून, सगळी पाठ मागे टाकून. डॉक्टरीण तिच्या मागे जाऊन पाठीवर तळवा ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "पुन्हा ओढा." मग खाली बसून खरं ते सांगितलं. एवढ्या जोराच्या कामाला पाठ कमी पडू शकेल, किती ते आधी सांगता येत नाही. काहीच न करणं हेही चालतं. आणि मन बदललं तर काही वर्षांनीही येता येईल.

परतताना धाकटी म्हणाली, "ताई, सोफ्याची पाठ भिंतीकडे असते. माझी नसते."

"मग झालं तर."

"पण ह्यांना हवं असेल तर?"

"विचार की."

"विचारलं तर हवं असलं तरी नको म्हणतील."

तेव्हा गाडं तिथेच अडलं. दरम्यान तिने बाहेर जाताना छातीच्या रिकाम्या जागी घालायला एक उशी शिवली. पहिली हलकी झाली, शर्टात वर चढायची. दुसरीत तिने पडद्याच्या काठात घालतात ती वजनं शिवली. ती बरोबर बसली. कामाच्या वेळी काढून टेबलावर ठेवायची.

एका सकाळी दातांच्या डॉक्टरकडे जायला निघाली आणि उशी उचलून बघते तर टाचण्याच टाचण्या. टाचण्या खोचायची नवी गादी समजून भाऊजींनी ओळीने तीसेक खोचून ठेवल्या होत्या. वर म्हणतात कसे, "छान झालीये, आधीच्यापेक्षा घट्ट आहे."

मी जिन्यातच होते. धाकटीने सांगितलं ती कशाची उशी आहे ते. भाऊजी पांढरे पडले आणि एकेक टाचणी अशी हळूच उपटायला लागले की जणू तिला दुखेल. तिला हसू फुटलं. खुर्चीचा हात धरून, डोळे पुसत, साठलेलं सगळं हसली.

"डोळे आहेत की बटणं शिवलीयत तिथे?" ती म्हणाली.

भाऊजींचा चेहरा असा उजळला, मी तसा त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"आता सांगा," ती म्हणाली. "पूर्वीसारखी म्हणजे काय?"

"हेच. माझ्यावर खेकसणारी. सहा महिने तू मला एक वाकडा शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, ते ऑपरेशन झालं तर बोलशील."

तिने एक टाचणी स्वतःच उपटली. "मी पाठ देणार नाही. अशीच राहणार."

"राहा. दातांची वेळ होतेय. टाचण्या निघाल्या सगळ्या, मोजल्यात मी."

डॉक्टरणीला नको म्हणून कळवलं. सगळं गोड झालं असं नाही. कधी नवे कपडे घालून आरशापुढे उभी राहिली की तिचा चेहरा उतरायचा, तो मी पाहिला आहे. पुढे एका शेजारणीवर तीच वेळ आली. तिने पिशवी बसवून घेतली, ती खुशीत आहे, आणि ते ठरवताना तिच्याजवळ बसायला धाकटीच गेली होती. आपलंच बरोबर असं तिने कधी कुणाला शिकवलं नाही. पट्टे मात्र स्वतःच ताणले, अकरा वर्षं.

गेल्या थंडीत ती गेली. हृदय थांबलं. त्या जुन्या दुखण्याचा काही संबंध नव्हता.

आदल्या दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या घड्याळजींची आरामखुर्ची पोचवायची होती. हातगाडीचं चाक मोडलं होतं, म्हणून तिने खुर्ची दोन पट्ट्यांनी पाठीला बांधली आणि निघाली. मला औषधं आणायची होती, मी मागोमाग. भाऊजी दारातून ओरडत होते की थांब, मी येतो. तिच्या तोंडात खिळे होते, ती "उंहूं" म्हणाली. घड्याळजींच्या खोलीत तिने खुर्ची उतरवली, नेहमीसारखी आधी स्वतः बसून पाहिली, मग त्यांना बसवलं. डाव्या हाताला जरा टोचतंय म्हणाले. तिने तोंडातला एक खिळा काढला, खिशातून हातोडी काढली, कड ओढून ठोकली आणि त्यांना पुन्हा बसायला लावलं.