ओवाळणी आणि आचारसंहिता

निवडणूक संपली, बॅनर उतरले, गल्लीत पुन्हा उजेड आला. पण आमच्या लालबागच्या कट्ट्यावरचे किस्से काही उतरत नाहीत. आमचा नित्या महापालिकेला अपक्ष उभा राहिला आणि पडला. मी आणि सुहास त्याचे शाळेपासूनचे मित्र, म्हणजेच त्याची अख्खी पार्टी! त्या प्रचारातलं निम्मं तेव्हा कळलं नाही, उरलेलं अजून कळत नाही.

*

नित्याला चिन्ह मिळालं शिलाई मशीन. पहिल्याच चाळीत बायकांनी विचारलं, "मशीन कधी देताय?"

"मावशी, ते चिन्ह आहे."

"हो, पण मिळणार कधी?"

पुढच्या चाळीत तर नावं द्यायला रांग लागली. नित्याने मला बाजूला घेतलं. "आपण कुठे बोललो का रे तसं?"

मला छातीठोकपणे नाही म्हणता येईना.

*

खर्चाचा हिशेब सुहासकडे. त्याने प्रचारातल्या पोह्यांपुढे लिहिलं, 'फुकट'. तपासणारे साहेब म्हणाले, "फुकट काही नसतं. सरकारी दराने लावा."

"साहेब, उमेदवाराच्या आईने घरी केलेत."

"मग त्यांची देणगी दाखवा."

अशी नित्याची आई, आमची काकी, प्रचाराची सगळ्यात मोठी देणगीदार झाली. काकी मूळची मालवणची. तिने विचारलं, "म्हंजे आता माका पैशे गावतले?"

"नाय काकी, तुम्ही दिलेत."

"कधी?"

*

एकदा अरुंद गल्लीत समोरून भाऊंची प्रचारफेरी आली. भाऊ म्हणजे मोठ्या पक्षाचे उमेदवार. ढकलाढकली झाली आणि दोन्ही फेऱ्या एकमेकींतून आरपार गेल्या. बाहेर पडलो तर आमची गर्दी चक्क वाढलेली! नित्या हरखून गेला.

चौकात एकाने विचारलं, "नाश्ता कुठाय?"

सुहास म्हणाला, "काकीचे पोहे सकाळीच संपले."

"आयला! मग तुम्ही कोण?"

*

खरी पंचाईत ओवाळणीची. उमेदवार दारात आला की बायका ओवाळतात, आणि रिकाम्या हाताने ओवाळून घेणं म्हणजे शोभा. पण आमच्याबरोबर निवडणूक कार्यालयाचा कॅमेरावाला. ताटात नोट पडली की मतदाराला लाच! नित्याने नोकरी सोडून फॉर्म भरला होता. एक केस झाली असती तर सगळं पाण्यात.

मग तो ताटात फूल ठेवायला लागला. एका आजींनी ते उचललं आणि खाली काही आहे का ते नीट पाहिलं.

*

भाऊ मात्र बिनधास्त. नुसते हात जोडायचे, तरी बायका खूश! सुहास चौकशी करून आला.

"ताटंच त्यांनी वाटलीत रे. स्टीलची, कडेला लाल फुलांची नक्षी. कुंकू, निरांजन, आणि ओवाळणी आधीच आत!"

"म्हणजे भाऊ ताटात काही घालतच नाहीत?"

"मग कॅमेऱ्यात दिसणार काय, कप्पाळ?"

नित्या म्हणाला, "पण मग ओवाळलं कोणी कोणाला?"

*

प्रचार संपायच्या दिवशी फेरी नित्याच्याच दारात थांबली. काकी ताट घेऊन बाहेर आली. ओवाळताना तिचे डोळे भरून आले, आमचेही. नित्याचा हात सवयीने खिशात गेला.

कॅमेरावाला पुढे सरकला.

"अहो, आई आहे माझी!"

"मतदार यादीत नाव आहे?"

"आहे."

"थांबा, विचारतो."

त्याने साहेबांना फोन लावला. साहेबांनी त्यांच्या साहेबांना लावला. काकी ताट धरून तशीच उभी. निरांजन विझत आलं, ढोलवाले बसले, शेजारणी कुजबुजायला लागल्या. शेवटी उत्तर आलं, "नाही चालणार."

नित्याने रिकामा हात बाहेर काढला आणि आईच्या पाया पडला. इतका बिचारा तो मला कधी दिसला नव्हता.

"आई, निवडून आलो की घालतो."

काकीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. "ह्यां तर सगळेच सांगतत!"

आणि ती आत जायला वळली. ताट कलतं झालं, तेव्हा मला त्याची कड दिसली. लाल फुलांची नक्षी होती.