पिवळ्या चिठ्ठीचं आवतन

मला मिळालेलं अनुदान इतकं लहान होतं, की त्याबद्दल अभिनंदन करायला कॉलेजात कोणी खुर्चीतून उठलंसुद्धा नाही. अमरावतीत समाजकार्य शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या विषयाला कोणीतरी हो म्हटलं होतं. विषय होता सुईने नशा करणारी माणसं आणि एचआयव्ही. त्या अनुदानात अकोल्याला जठारपेठेतली दुकानामागची एक खोली, एसटीच्या फेऱ्या, चहा आणि एक मदतनीस एवढंच बसत होतं.

मदतनीस मात्र लाखात एक मिळाला. स्वतः सुई घेऊन, भोगून, सोडून आलेला. लग्नसराईत ते आचाऱ्याच्या हाताखाली काम करायचे. मी त्यांना भाऊ म्हणत असे. सुई घेणारी माणसं माझ्यासारख्या चष्मेवाल्या बाईला दारात उभं करणार नाहीत हे मला कळत होतं, म्हणून सगळी भिस्त भाऊंवर होती.

पद्धत साधी होती. जो माणूस येऊन माझ्याशी बोलेल त्याला तीन पिवळ्या चिठ्ठ्या द्यायच्या. त्या त्याने आपल्या ओळखीच्या, सुई घेणाऱ्या तिघांना द्यायच्या, आणि त्या तिघांनी पुढे आणखी तिघांना. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त नंबर. पण त्या नंबरावरून चिठ्ठी कोणी दिली ते मला कळायचं. बोलणं झालं की ज्याची इच्छा असेल त्याला भाऊ सरकारी दवाखान्यात तपासणीला घेऊन जायचे.

पहिल्या आठवड्यात आलेल्यांपैकी एक जण फुलं विकायचा. शहराबाहेर त्यांची शेवंतीची वाडी होती. हार ओवणारी त्याची बोटं बोलतानाही हलत राहायची. त्याच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. दवाखान्यातल्या बाईंनी त्याला समजावलं, मीही समजावलं, की बायकोला सांगा, तिची तपासणी लवकर व्हायला हवी. तो दर वेळी मान हलवायचा आणि पुढच्या खेपेला म्हणायचा, "तोंडच उघडत नाही, मॅडम." मला त्याचा राग येई. तिकडे एक बाई काहीच माहीत नसताना संसार करत होती, आणि तिला सांगायचा हक्क मला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात खोलीत बायका यायला लागल्या. हातात पिवळी चिठ्ठी, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर प्रश्न. सुई म्हणजे त्यांच्या लेखी फक्त डॉक्टरची. त्या आठवड्यात चार जणींना मी चहा पाजला, काहीतरी गुळमुळीत बोलले आणि परत पाठवलं. त्याची मला आजही लाज वाटते. तेव्हा डोक्यात एकच होतं, माझा अभ्यास पाण्यात गेला.

मी भाऊंवर भडकले. "सुई घेणाऱ्यांनाच द्यायची असं शंभर वेळा सांगितलं होतं ना?"

ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, मी त्याइले सांगतलं, हे आवतन हाये. मंग ते पुसत, एकट्याचं का चूलबंद? मी म्हनलं, चूलबंद."

आमच्याकडे आमंत्रणाला आवतन म्हणतात, आणि चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या सगळ्यांना जेवायला बोलावणं, त्या दिवशी त्या घरी चूल पेटायची नाही. भाऊंची सगळी हयात आवतनं मोजून भात टाकण्यात गेलेली. माझी नीट आखलेली पद्धत त्यांनी लग्नाच्या पंगतीला नेऊन बसवली होती.

"पन कावून चुकलं, मॅडम?" त्यांनी विचारलं. "बिमारी काय एकट्याले आवतन देते का?"

त्याच दुपारी पाचवी बाई आली. तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि मी नंबर वहीत ताडून पाहिला. फुलवाल्याची बायको.

"याइनं देल्ली," ती म्हणाली. "म्हने, तिथं जा, त्या बाई सांगतीन. सांगा."

मी म्हटलं, "ताई, हे मला सांगता येणार नाही. त्यांनीच सांगायला हवं."

"मंग मी बसतो इथंच," असं म्हणून ती खरोखरच बसली. चहाला हात लावला नाही.

भाऊ बाहेर जाऊन आले. फुलवाला समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसला होता. बायकोला पुढे पाठवून स्वतः रस्त्यापलीकडे. भाऊंनी त्याला काय म्हटलं मला माहीत नाही. तो आला, बायकोसमोर खाली जमिनीवर बसला, आणि त्याने शर्टाची बाही दंडापर्यंत वर केली. मग बोलला. सुईचं, दवाखान्याचं, सगळं. मी उठून जायला निघाले तर ती म्हणाली, "बसा तुमी."

तिने त्याचा हात धरून नीट पाहिला, भाजी निवडताना पाहतात तसा. मग म्हणाली, "अन् मले वाटे, दुसरी बाई हाये." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते यानंतर. पदराने तोंड पुसून तिने मला विचारलं, "माही तपासनी कवा?"

इतकी वर्षं मी धैर्यावर तास घेत आले, आणि धैर्य माझ्यासमोर दोन हातांवर बसलं होतं. मी भाऊंना लगेच त्या दोघांसोबत दवाखान्यात पाठवलं.

पहिल्या तपासणीत तिच्यात काही निघालं नाही. पण तेवढ्याने भागत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघावं लागतं. त्या तीन महिन्यांत मी अनुदान देणाऱ्यांना आणि आमच्या नीतिसमितीला पत्र लिहिलं, की माझा प्रश्नच अपुरा होता, लोकांनी तो पूर्ण केला आहे, आता घरच्यांनाही अभ्यासात धरायची परवानगी द्या. आधी परत पाठवलेल्या चौघींच्या नवऱ्यांशी भाऊ बोलत होते. परवानगी आली. पैसे वाढणार नाहीत हेही त्याच पत्रात होतं.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी ती दोघं दवाखान्यातून थेट खोलीवर आली. त्याच्या गोळ्या सुरू होत्या, अंगावर थोडं मांस चढलं होतं. तिने कागद माझ्यापुढे ठेवला. काही नव्हतं. भाऊंनी तोंड फिरवून नाक शिंकरलं, माझाही चष्मा ओला झाला. ती मात्र उठायचं नाव घेईना.

"काय झालं, ताई?"

"माह्या तीन चिठ्ठ्या कुठं हायेत?"

मी म्हटलं, पुढे वाटायच्या चिठ्ठ्या अजून सुई घेणाऱ्यांनाच मिळतात.

"आमच्या घराच्या लायनीत तिघी जनी हायेत," ती म्हणाली. "त्याइच्या घरातबी सुई हाये. त्याइले अजून कोनी आवतन देल्लं नाही."

मी खणातून तीन पिवळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि तिच्या हातात दिल्या.