पेट्रोलच्या टाकीचं परमिट

वाळूजच्या त्या शेडमध्ये मी सेफ्टी ऑफिसर म्हणून लागले तेव्हा तिथले मुख्य गॅस कटर पन्नाशी ओलांडलेले होते. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनच्या ज्योतीनं लोखंड कापायचं हे त्यांचं काम. सगळी शेड त्यांना चाचा म्हणायची. मी मिस्त्री म्हणायची. समोर 'तुम्ही' म्हणत असले तरी मनात मी त्यांना अरेतुरेच करायची, हे आधीच सांगून टाकते.

पहिल्याच दिवशी बिनसलं. मी शेडमध्ये शिरले तर ॲसिटिलीनचा सिलिंडर जमिनीवर आडवा पडलेला आणि त्याच्यावर यांचा डबा. हातातला कटर पेटवायला यांनी तोंडातली बिडी काढली आणि तिच्यावरच नोझल धरलं. मी सगळ्यांसमोर त्यांना थांबवलं. ॲसिटिलीनचा सिलिंडर उभाच ठेवायचा, साखळीनं बांधून ठेवायचा, आडवा ठेवला तर आतलं ॲसिटोन गॅसबरोबर बाहेर येतं, आणि कटर पेटवायला चकमकीचा लायटर असतो, बिडी नाही, असं मी एका दमात सांगितलं. आवाज चढलेला होता. नोकरी नवी होती, आणि त्या शेडमध्ये मी एकटीच बाई होते.

त्यांनी कटर बंद केला. म्हणाले, "पोरी, तू जन्मली नव्हतीस तव्हापासून हे करतोय मी."

"पोरी नाही. मॅडम म्हणायचं," मी म्हणाले.

त्यांनी बिडी विझवून कानावर ठेवली. त्या दिवसापासून ते माझ्याशी थेट बोललेच नाहीत. मी समोर उभी असले तरी शेजारच्याला म्हणायचे, "मॅडमकू बोलो, पाईप बदललाय." शेजारचा माझ्याकडे बघायचा आणि मी ऐकलेलं वाक्य मला पुन्हा ऐकवायचा. लोकांना त्यात मजा यायची.

मीही काही कमी केलं नाही. माझ्या वडिलांची हयात पाटबंधारे खात्यात फायली लिहिण्यात गेली. कागदावर माणसाला कसं धरायचं ते मी घरातच शिकले होते. दोन महिन्यांत मी त्यांना तीन लेखी समज दिल्या. पहिली गॉगल न लावल्याबद्दल. दुसरी, तेलकट हात पुसलेल्या फडक्यानं ऑक्सिजनचा रेग्युलेटर पुसल्याबद्दल. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं तर ठिणगीचीही गरज लागत नाही, हे शेडमध्ये कुणालाच खरं वाटायचं नाही. तिसरी समज चावीबद्दल होती. ॲसिटिलीनच्या सिलिंडरला उघड-बंद करायची एक सुटी चावी असते. काम चालू असताना ती व्हॉल्व्हवरच राहिली पाहिजे, म्हणजे आग लागली तर कुणीही येऊन सिलिंडर बंद करू शकतो. ही चावी ते खिशात घालून फिरायचे. जुन्या, झिजलेल्या चाव्या मी गोळा करून भंगारात टाकल्या, पान्यानं व्हॉल्व्ह उघडायला बंदी केली आणि सिलिंडरच्या प्रत्येक ट्रॉलीला एक नवी चावी साखळीनं अडकवून दिली.

तिन्ही कागदांवर त्यांनी सह्या केल्या, उर्दूत. मला वाचता येऊ नये म्हणूनच, असं मला तेव्हा वाटायचं.

मग ते प्रशिक्षण झालं. शेडच्या मालकांनी, शेठनी, सगळ्या कामगारांना एका दुपारी बसवलं आणि मला बोलायला सांगितलं. मी निळा पाईप ऑक्सिजनचा, लाल ॲसिटिलीनचा, लाल पाईपचे नट उलट्या आट्यांचे असतात, गळती साबणाच्या पाण्यानं बघायची, ज्योत उलटी पाईपमध्ये शिरली तर तिला अडवणारा अरेस्टर दोन्ही लायनींना लावायचाच, हे सगळं दाखवलं. लोक जांभया देत होते. मला त्यांना जागं करायचं होतं. चाचांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा मोठा डाग होता. मी त्या हाताकडे बोट केलं आणि म्हणाले, "नियम पाळले नाहीत की काय होतं, ते तुमच्यासमोरच बसलंय."

 चाचांनी हात वर केला, उलटसुलट करून सगळ्यांना नीट दाखवला आणि शेजाऱ्याला म्हणाले, "मॅडमला सांगा, हे गॅसचं नाय. माझ्या भावाची शहागंजात तंदूरची भट्टी हाय. तिथं रोटी काढताना भाजलं, पंधरा वर्साचा होतो तव्हा."

सगळे हसले. शेठही हसले. मी फळ्याकडे तोंड करून अरेस्टरचं चित्र काढत राहिले. त्या हसण्याचा राग मी शेडवर काढला नाही, एकट्या त्यांच्यावर काढायचं ठरवलं. मी संधीच शोधत होते म्हणा ना.

मे महिन्यात गंगापूर रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी आमच्याकडे आली. ती मधोमध कापून दोन पाण्याच्या टाक्या करायच्या होत्या. ज्या ठेकेदारानं ती उकरून आणली त्यानं आत पाणी मारून धुतल्याचं लिहून दिलं होतं. तरी मी तपासलं. माझ्याकडे एक पिवळा मीटर होता. पेट घ्यायला जेवढी वाफ लागते, तिच्या किती टक्के वाफ हवेत आहे ते तो दाखवतो. मी टाकीवर चढले, वरच्या झाकणातून हात आत घातला आणि मीटर धरला. शून्य. थोडा वेळ थांबले, तरी शून्य. खाली उतरून मी कापायला परवानगी देणाऱ्या परमिटवर सही केली आणि कागद टाकीला चिकटवला.

चाचांनी ट्रॉली आणली. पाईप जोडले, साबणाचं पाणी लावून बघितलं, सगळं माझ्या नियमानं. कटर हातात घेतला आणि मग तो पुन्हा ट्रॉलीला अडकवला. टाकीला एक चक्कर मारली. बुडाशी मुठीनं ठोकलं, कान लावला, आणखी पुढं जाऊन ठोकलं. मग म्हणाले, "मॅडमकू बोलो, खाली गाळ बसलाय. आवाज भरीव येतोय. टाकीत पाणी भरा, कापायच्या रेघेपर्यंत. मग कापतो."

मी शेजारच्याची वाट न बघता म्हणाले, "मीटर शून्य दाखवतोय. परमिट झालेलं आहे."

"मीटर वर धरला होता," ते शेजाऱ्याला म्हणाले. "वाफ खाली बसते."

हे मला माहीत होतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की हा माणूस चारचौघांत पुन्हा माझं हसं करतोय.

शेठ आले. टाकी भरायची म्हणजे टँकर मागवायचा. आमच्या शहरात मे महिन्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, आणि टँकरवाला शेडसाठी कधी येईल त्याचा नेम नव्हता. शेठ वैतागले. त्यांनी मला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"माझी सही आहे," मी म्हणाले. "यांना काम करायचं नसेल तर दुसऱ्याला द्या."

दुसरा कटर अजिंठ्याकडचा होता, दोन मुलींचा बाप. तो आमच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघायला लागला. शेठ म्हणाले, "घे रे."

तो पुढं झाला. त्याच्याआधी चाचा ट्रॉलीपाशी पोचले. त्यांनी ॲसिटिलीन बंद केलं, पाईपमधला उरलेला गॅस सोडला, साखळी तोडून चावी काढली आणि खिशात घातली. स्कूटर काढली आणि फाटकातून निघून गेले.

दुसरी ट्रॉली त्या दिवशी बाहेरच्या कामावर गेली होती. शेडमध्ये दुसरी चावी नव्हती, पान्यानं व्हॉल्व्ह उघडायला मीच बंदी केलेली. शेठनी फोन लावले, चाचांनी उचलले नाहीत. मग शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा तक्रार. आज त्यांना दाखवतोच."

जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली आणि मी तक्रार लिहायला बसले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. वाक्यं सुचत होती. शेवटी मला वाटलं, तळाचंही रीडिंग जोडून टाकावं, म्हणजे यांना बोलायला जागाच उरणार नाही. मी मीटरला सुतळी बांधली, टाकीवर चढले आणि तो हळूहळू आत सोडला. अर्ध्यापर्यंत शून्य होतं. बुडाशी टेकायच्या आधीच तो किंचाळायला लागला. टाकीत तो आवाज घुमत होता. मी सुतळी ओढली तेव्हा झाकणावर वाकलेली मी पडता पडता राहिले. वर आलेल्या मीटरवर सगळ्यात मोठा आकडा थांबलेला होता. एकोणसत्तर.

त्या पत्र्यावर मी किती वेळ बसले होते कोण जाणे. पत्रा तापलेला होता, ओढणीखालूनही चटके बसत होते. चावी जागेवर असती तर एव्हाना अजिंठ्याकडचा तो माणूस याच पत्र्यावर ज्योत धरून बसला असता. माझ्या सहीवर.

यानंतर मी जे केलं ते आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही. मी खाली उतरले, परमिट फाडलं आणि शेठना जाऊन म्हणाले, "थोडं दिसतंय आत. पाणी भरूनच कापू." आकडा सांगितला नाही. आणि तक्रार फाडली नाही. तीही दिली. चालू कामातून ॲसिटिलीनची चावी काढून नेली, हे वाक्य तसं खोटं नव्हतंच.

चाचांना आठ दिवस घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी टँकर आला. पाणी भरून टाकी सुखरूप कापली गेली, आणि बुडातून बादलीभर काळा, गंजाचा, पेट्रोलचा भपकारा येणारा गाळ निघाला. शेडमधल्या प्रत्येकानं तो वास घेतला. 

नवव्या दिवशी सकाळी चाचा माझ्या केबिनमध्ये आले. तोवर ते कधीच तिथं आलेले नव्हते. त्यांनी चावी टेबलावर ठेवली आणि पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

"खालचं रीडिंग किती आलं?"

"कसलं रीडिंग?" मी म्हणाले.

"तुम्ही घेतलं असणार. त्याच्याबिगर टँकर आला नसता."

मी टेबलावरची चावी उचलली आणि म्हणाले, "एकोणसत्तर."

त्यांनी मान हलवली. "मग रजिस्टरात लिवा. बाईमाणूस म्हणून नाय बोलत मी, तुमच्या खुर्चीवर शेठ असते तरी हेच बोललो असतो. तिथं माणूस उभा होता."

"बघते," मी म्हणाले. ते गेल्यावर मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आधी कधीच आला नव्हता. चुकलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. मी दोन आठवडे ते रजिस्टर उघडलं नाही. अजिंठ्याकडच्या कटरनं एका दुपारी मुलीच्या बारशाचे पेढे आणून माझ्या टेबलावर ठेवले, तिसरी झाली होती, आणि तो गेल्यावर मला पेढा तोंडात घालवेना. त्या संध्याकाळी मी रजिस्टरात सगळं लिहिलं. मीटर आधी कुठं धरला होता, नंतर कुठं, आकडा, वेळ. खाली माझी सही. मग तक्रार मागं घेत असल्याचं पत्र शेठना दिलं. त्यांनी ते वाचून ड्रॉवरमध्ये टाकलं. म्हणाले, "झालं ते झालं, आता कशाला उकरता?"

दुसऱ्या दिवशी मी चाचांपाशी गेले. ते नोझल साफ करत होते. मी म्हणाले, "रजिस्टरात लिहिलंय. तक्रारही मागं घेतली. माझी चूक होती."

"बरं," ते म्हणाले.

मी उभीच राहिले. त्यांनी मान वर केली. "आणखी काय पाहिजे मॅडम? माफी? ती तुमची तुम्ही बघा. मेरेकू नक्को बीच में लाव."

त्यानंतर आम्ही तीन वर्षं एका शेडमध्ये काम केलं. मी तळाचं रीडिंग घेतल्याशिवाय एकाही परमिटवर सही केली नाही. ते गॉगल लावायला लागले, बिडी फाटकाबाहेर ओढायला लागले, पण बोलायचे पुन्हा शेजाऱ्यामार्फत. ईदला त्यांच्या घरून शीरखुर्मा यायचा, सगळ्या शेडला. माझ्या केबिनपर्यंत तो कधी पोचला नाही. मीही त्यांच्या पगारवाढीच्या कागदावर शेरा लिहायची वेळ आली तेव्हा 'काम चांगले' एवढंच लिहिलं, वर एक शब्द नाही. आम्ही दोघंही तसेच होतो.

ते निवृत्त झाले त्या दिवशी ट्रॉली ताब्यात घेताना माझी सही लागणार होती. त्यांनी एकेक वस्तू पुढं केली. रेग्युलेटर, दोन्ही अरेस्टर, लायटर, साबणाची बाटली. मी प्रत्येक वस्तू बघून यादीवर खुणा करत गेले. लाल पाईप हातातून सरकवताना एका ठिकाणी मला बारीक भेग लागली. मी पाईप तिथं वाकवला आणि त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, भेगेवरून अंगठा फिरवला. "व्हय. माझ्याकडनं सुटली," ते माझ्याकडे बघून म्हणाले. मग खिशातून सुरी काढून त्यांनी त्या पाईपचे तिथंच दोन तुकडे केले, कुणी चुकून पुन्हा जोडू नये म्हणून, आणि तुकडे भंगाराच्या पिंपात टाकले. यादीवर उर्दूत सही केली. बाहेर सगळे हार घेऊन थांबले होते, तिकडे ते निघून गेले. मी केबिनमध्ये जाऊन नव्या पाईपसाठी मागणीचा कागद लिहायला घेतला.