ब्रेक तेच

अंगणात माझ्या मुलाच्या स्पोर्ट्स कारचं बॉनेट उघडं आहे आणि पन्नाशीला आलेला हा पोरगा कमरेपर्यंत आत वाकलाय. गाडी आधीच सुसाट पळते, तरी इंजिनात जास्त हवा कोंबायला टर्बो बसवतोय.

"त्यापेक्षा जास्त पळणारी नवीच घे की."

"आई, हिच्यावर जीव आहे माझा."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक तेच." तो हसला.

जोर वाढवायची हौस सगळ्यांना असते. थांबायचं कसं, हे घरी वाट बघणारीलाच सुचतं.

रविवारी घाटात पळवून बघणार म्हणतो. गाडीत मला उलटी होते, तरी मी शेजारी बसणार आहे. मी असले की तो हळू चालवतो.