शून्य किलो गॅस

आमच्या सुपरवायझरवरचा माझा राग अजून गेलेला नाही. जावा असंही वाटत नाही. लोक म्हणतात, झालं गेलं, सोडून दे. त्यांचं काही गेलेलं नसतं.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. गावच्या एकाच्या ओळखीने रत्नागिरीला मासळी गोठवायच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. वासाने पहिले आठ दिवस जेवण गेलं नाही. कारखाना मोठ्या कंपनीचा, असे तिचे देशभर आहेत. बंदरावरून म्हाकूल, कोळंबी अशी मासळी येते, बायका साफ करतात, आम्ही गोठवतो. मला कॉम्प्रेसर रूममध्ये, थंडी करणाऱ्या मशीनवर टाकलं. तिथले म्हातारे ऑपरेटर पावस गावचे. त्यांना सगळे काका म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांनी मला हाताला धरून काम शिकवलं, आपल्या पडवीतली खोली राहायला दिली, आणि मी ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हटलं की दर वेळी हसले. “काहून म्हणजे काय रे? कायतरी तळून खायचं वाटतं.”

काकांचा एक नेम होता. मशीनमध्ये गॅस भरायच्या आधी सिलिंडर मासळी तोलायच्या वजनकाट्यावर ठेवायचा, भरून झाला की पुन्हा ठेवायचा आणि फरक वहीत लिहायचा. “गॅस डोळ्यांना दिसत नाय, काट्याला दिसतो. जेवढा आपण भरला तेवढा आधी कुठूनतरी हवेत गेलेला असतो. समजलास?” समजलो. दोनशे पानी वही आणली. पुढे काका निवृत्त झाले, मी ऑपरेटर झालो, वही चालूच ठेवली. गावी फोन केला की ‘ऑपरेटर’ हा शब्द वडिलांना मी दोन-तीनदा तरी ऐकवायचो.

मग कंपनीने आपण हवेत काय काय सोडतो ते मोजायला काढलं. हेड ऑफिसचं पत्रक आलं. वीज किती, जनरेटरचं डिझेल किती, गाड्यांचं किती, आणि थंड करायचा गॅस किती सुटला. आमचा एक किलो गॅस सुटला तर हजारो किलो धूर सोडल्यासारखं होतं, हे मला त्या पत्रकावरून कळलं. तोवर मला वाटायचं, गॅस गेला तर गेला, मशीनच काय ते तापेल.

इथली हवा खारी. नळ्यांचे जोड गळणारच. ते बदलायचे तर मशीन दोन दिवस बंद ठेवावं लागतं, आणि हंगामात ते कोण ठेवतो? सुपरवायझरने सोपा रस्ता काढला. सिलिंडर वेल्डिंगचं सामान म्हणून मागवायचे आणि रजिस्टरात लिहायचं, ‘भरलेला गॅस: शून्य किलो.’ खाली सही ऑपरेटरची.

“साहेब, कालच दोन सिलिंडर रिकामे केले आपण.”

“तू मास्तर लागून गेलास का माझा? सही कर.”

केली. परगावात माणूस सही लवकर करतो. वर्ष सरलं तेव्हा कंपनीच्या सगळ्या कारखान्यांत आमची गळती सगळ्यात कमी निघाली. फाटकावर हिरवी पाटी लागली, सुपरवायझरच्या गळ्यात हार पडला. मीही टाळ्या वाजवल्या.

हे सगळं मी गिळलं असतं. पण एका शनिवारी मी त्याला सांगितलं की गॅस फार उतरलाय, माल ठेवायची थंड खोली तापायला लागलीय. तो म्हणाला, सोमवारी बघू. रविवारी खोली तापली आणि म्हाकुलाचा अख्खा लॉट खराब झाला. सोमवारी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये मी उभा असताना, माझ्यादेखत तो म्हणाला, “वाल्व उलटा फिरवला याने. चूक माझीच आहे सर, आठवी शिकलेल्याला मशीनवर ठेवला.”

मी तोंड उघडलं तर मोठे साहेब म्हणाले, “रजिस्टरप्रमाणे गॅस कमी झालेलाच नाही. सही तुझीच आहे ना?”

माझीच होती.

मला मागच्या आवारात क्रेट धुवायला लावलं. सकाळपासून होजपाइप आणि ब्रश. तो रोज तिथून जायचा आणि न चुकता विचारायचा, “काय ऑपरेटर, क्रेट किती डिग्रीला धुतोस?” बरोबरचे हसायचे. वडिलांशी बोलताना मी अजून ऑपरेटरच होतो.

क्रेटच्या थप्पीमागे त्याने रिकामे नारिंगी सिलिंडर लपवले होते, भंगारवाला येईपर्यंत. मी एकतीस मोजले. प्रत्येकावर नंबर असतो. वहीत मी नंबरही लिहायचो, त्यामुळे ताळा लगेच जुळला. माझ्या वहीला माझ्याशिवाय साक्षीदार मिळाला होता. त्या दिवसापासून मी वाट बघत होतो. कशाची ते मलाही नीट ठाऊक नव्हतं.

पुढल्या मोजणीला पुण्याहून एक मॅडम आल्या. वयाने माझ्याएवढ्याच. विजेची बिलं बघितली, जनरेटरजवळ वाकून मीटर वाचला, ट्रकवाल्यांना किलोमीटर विचारले. जनरेटर मागच्या आवारातच आहे. जाता जाता त्यांना थप्पीमागचं नारिंगी काहीतरी दिसलं.

“हे कसले?”

“जुने मॅडम, भंगार,” सुपरवायझर म्हणाला. “चला, चहा निवतोय.”

त्या गेल्या, पण वळून एकदा बघितलं. त्या दुसऱ्या दिवशीही थांबणार होत्या. मी कामावरून सुटलो तो थेट काकांपुढे वही नेऊन ठेवली.

काकांनी चष्मा लावून पानं उलटली. “रजिस्टरवर सही तुझी, वहीत अक्षर तुझं. आधी तूच बुडशील, बाबा.”

“बुडू द्या. त्याला घेऊन बुडतो.”

“एवढा राग?”

“लई.”

त्यांनी मला थांबवलं नाही. प्लॅस्टिकची पिशवी शोधून वही तिच्यात घातली आणि म्हणाले, “मला विचारायला आले तर मी येईन हो. काट्याचं मी शिकवलंय, ते सांगायला माझी कुणाला भीती नाय.” या माणसाचे उपकार मी कसे फेडणार? माझ्या घरचंही कुणी त्या वेळी एवढं बोललं नसतं.

सकाळी मी ओल्या गमबुटांनी मीटिंगच्या खोलीत शिरलो. मॅडम एकट्या होत्या. वही दिली.

त्यांनी वही आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. “दोन्ही तुम्हीच लिहिलंय?”

“व्हय मॅडम.”

“मग यातलं खोटं कुठलं?”

“रजिस्टर. त्यासाठी मला जे करायचं ते करा. पण आधी मागे येऊन सिलिंडरचे नंबर बघा.”

त्या आल्या. एकेक नंबर मी मोठ्याने वाचला, त्या वहीत खूण करत गेल्या. सुपरवायझर धावत आला तोवर एकोणिसावा चालला होता. मी पुढचे बारा मुद्दाम सावकाश वाचले. आयुष्यात एवढ्या निवांतपणे मी काहीच वाचलेलं नाही.

सुधारलेला आकडा सगळ्यांना बोलावून वाचून दाखवला. आम्ही पहिल्यावरून शेवटून दुसऱ्यावर आलो होतो. फाटकावरची पाटी उतरवली. मशीन दोन दिवस बंद ठेवून सगळे जोड बदलले, आणि आता काट्यावर वजन केल्याशिवाय स्टोअरमधून सिलिंडर मिळत नाही. मला खोट्या सहीबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि माझी जागाही परत मिळाली. सुपरवायझरची चौकशी लागली आणि बदली दुसऱ्या राज्यात निघाली.

जायच्या आधी तो कॉम्प्रेसर रूममध्ये आला. पहिल्यांदाच दारात विचारून आत आला.

“मुलीची बारावी आहे या वर्षी,” तो म्हणाला. “तिला अर्ध्यात हलवता येत नाही. तू एवढंच लिहून दे की काट्यात फरक असू शकतो. बदली थांबेल. तुझं काही जाणार नाही.”

खरंच माझं काही गेलं नसतं. मुलीचा काही दोष नव्हता, तेही कळत होतं. शाळा सुटली की काय होतं ते मला कुणी सांगायला नको.

“काटा बरोबर आहे, साहेब.”

“विचार कर.”

“केलाय. मागे क्रेट धुताना सगळा वेळ तेच करत होतो.”

तो निघून गेला. पुढे त्याने बदलीच्या जागी एकट्याने खोली घेतली, बायको-मुलगी इथेच राहिली, असं कानावर आलं. ताकिदीचं पत्र माझ्या फाइलीत आहे, आणि ऑफिसातून बोलावणं आलं की अजून मला भीती वाटते. ती भीती माझ्या नोकरीची. त्याच्याबद्दल विचाराल, तर उद्या परत आला तरी मी हेच उत्तर देईन.