माझ्या इंजिनाची जड चाकं

माझ्या डिझेल इंजिनाची दोन जड चाकं माझ्या मित्राने काढून घेतली आणि त्यांच्या जागी हलकी बसवून दिली. फसवलं त्याने, फसलो मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या ओळखीत आता कुणी याला गैरसमज म्हणतं, कुणी म्हाताऱ्यांचं भांडण म्हणतं. मी आयुष्यभर जुन्या मोटारी आणि पंप घेऊन विकले. अंबरनाथच्या एका वर्कशॉपमध्ये झाडू मारण्यापासून सुरुवात केली आणि बदलापुरात स्वतःचं घर बांधलं. दारात आलेली वस्तू कोणती आणि गेलेली कोणती, यात माझा गैरसमज होत नाही.

ज्यांना हा नाद नाही त्यांना थोडं समजावून सांगावं लागेल. एक सिलिंडरचं, उभं, जुन्या पद्धतीचं डिझेल इंजिन. पूर्वी यावर भातगिरण्या आणि विहिरीवरचे पंप चालायचे. दोन्ही बाजूंना लोखंडाची दोन मोठी चाकं, हँडल मारून सुरू करायचं. ते इतकं सावकाश चालतं की त्याचे ठोके कानाला वेगवेगळे कळतात. पट्ट्याने त्याला डायनामो जोडला की घराला वीज मिळते. इन्व्हर्टर घेतला तर धूर नाही, आवाज नाही, हे मलाही कळतं. पण इन्व्हर्टरपाशी कुणी खुर्ची टाकून बसत नाही.

आम्ही चौघं बसायचो. दर रविवारी एकाच्या शेडमध्ये. ज्याची पाळी असेल त्याने इंजिन सुरू करायचं, चहा द्यायचा आणि बाकीच्यांनी खोड्या काढायच्या. मग एक जण मुलाकडे पुण्याला गेला. दुसऱ्याची चाळ पाडून बिल्डिंग झाली आणि बिल्डिंगवाल्यांनी त्याला धुराबद्दल नोटीस दिली. त्याने इंजिन विकून टाकलं. उरलो दोघं. मी आणि हा मित्र. तो शहाडच्या एका कारखान्यात फिटर होता, रिटायर होऊन चिखलोलीला राहतो. मी त्याला मिस्त्री म्हणायचो, तो मला शेठ. बारा वर्षांत एकमेकांना नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही.

आमच्यात एक रीत होती. इंजिन चालू झालं की पाहुण्याने आपल्या घरून आणलेला तारेचा पिवळा बल्ब त्याच्यावर लावायचा. चाकं जड असतील तर दोन ठोक्यांच्या मधली फट चाकांच्या जोरात भरून निघते आणि बल्ब देवघरातल्या समईसारखा स्थिर जळतो. चाकं हलकी असतील तर तो दर ठोक्याला मिचकावतो. मिस्त्रीच्या इंजिनाला पंपाची हलकी चाकं होती. त्याचा बल्ब कायम मिचकावायचा.

"मिस्त्री, तुझ्या बल्बला डोळे आलेत. गुलाबपाणी घाल."

"तुझ्या तोंडात घालतो. चहा पी गुमान."

हे दर पाळीला व्हायचं. तो हसायचा. मला वाटायचं, हसतोय.

माझी बायको तीन वर्षांपूर्वी गेली. तिला इंजिनाचा राग होता, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची म्हणून. ती गेल्यावर कपड्यांची दोरी मोकळीच राहिली आणि माझं छोटं इंजिन मला पुरेसं वाटेना. मोठं हवं होतं. घर भरून टाकेल असा आवाज असलेलं.

वांगणीच्या पुढे एका गावात बंद पडलेली भातगिरणी होती. मी आणि मिस्त्री तिथे गेलो. घासाघीस करायची आमची एक ठरलेली पद्धत होती. त्याने मालात खोट काढायची, मी त्याच्यावरच चिडायचं आणि विकणाऱ्याने माझी बाजू घ्यायची. बाजू घेतली की माणूस अर्धा आपला झाला.

गिरणीवाले काका ओटीवर बसले होते. "शेट, या इंजनावर माझ्या बापानं गावाचा भात भरडलाय. भंगाराच्या भावानं नाय देणार."

मिस्त्रीने पान्याने चाकावर टिचकी मारली, कान लावला, तोंड वाकडं केलं. "शेठ, चल. क्रँक गेलाय याचा. नुसती वजनाची रास आहे."

"तुला काय कळतं रे?" मी ओरडलो. "काकांनी जिवापाड सांभाळलेली वस्तू आणि तू रास म्हणतोस?"

"तेच की!" काका उठून उभे राहिले. "ह्यो कुठला मिस्तरी आणलाव तुम्ही? चाकं बगा, शेट. अशी आता कोन ओतत नाय."

मी चाकाच्या काठाची रुंदी मापायला त्यावर पंजा आडवा ठेवला. चार बोटं आणि अंगठा, सगळं मावलं. दुपारपर्यंत इंजिन माझं झालं, मला हवं होतं त्या भावात. क्रँक धडधाकट होता. येताना टेम्पोत मिस्त्री मागे वळून वळून त्या चाकांकडेच बघत होता. मी म्हणालो, "काय, नजर लावतोस?" तो म्हणाला, "अशी चाकं माझ्या इंजिनाला असती ना शेठ, तर तुझं तोंड बंद झालं असतं." मी मोठ्याने हसलो.

मग मी एक चूक केली. ती माझीच, दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही. चाकांवर ओतकामाच्या वेळचा उठावाचा नंबर होता. दिसायला ओबडधोबड. मी त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिशपेपर मारला आणि वर लाल ऑइलपेंटचे तीन हात दिले. आरशासारखी चकाकू लागली. आमच्या नादातला माणूसच असलं करू जाणे. धंद्यातला माणूस नंबर जपतो, आणि मीही धंद्यात असताना जपायचो. पण हे इंजिन विकायचं नव्हतं. ते कुणीतरी बघावं म्हणून रंगवलं होतं.

बुश झिजले होते. मिस्त्री म्हणाला, माझ्या शेडमध्ये टाक, दोन महिन्यांत करून देतो, मजुरीचं नाव काढलंस तर बघ. मी टाकलं. इंजिन परत आलं तेव्हा तो कुरकुरतच आला. "शेठ, याचा गव्हर्नर म्हातारा झालाय. जास्त अपेक्षा ठेवू नकोस." मी चिडून म्हणालो, "माझ्या इंजिनाला नावं ठेवू नकोस." आता कळतं की आमचीच पद्धत त्याने माझ्यावर चालवली. त्याने खोट काढली, मी चिडलो, आणि मग मी स्वतःच त्या मालाची बाजू घेत राहिलो.

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा रीतीप्रमाणे बल्ब त्याने आणायचा होता. त्याने एलईडी आणला.

"हा काय प्रकार?"

"तारेचे बल्ब आता मिळतात कुठे, शेठ? जमाना बदलला."

एलईडी बल्बच्या पोटात असं काही असतं की वीज थोडी वरखाली झाली तरी त्याचा उजेड हलत नाही. हे मला माहीत होतं. तरी मी तो लावू दिला. चाकं लाल चकाकत फिरत होती, आवाज घरभर गेला होता, आणि मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं. बरं वाटत असलेला माणूस माल तपासत नाही.

पुढच्याच आठवड्यात संध्याकाळी लाईट गेली. मी हँडल मारलं, बाहेरच्या खोलीत आलो. बायकोच्या फोटोवर मी एक छोटा पिवळा बल्ब लावून ठेवला आहे. तो मिचकावत होता. तिचा चेहरा दिसत होता, जात होता, दिसत होता, जात होता. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि लाईट येईपर्यंत बघत राहिलो. त्यानंतर सुद्धा मला चाकांची शंका आली नाही. मी वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरलाच दोष दिला, कारण मिस्त्रीने तसं सांगितलं होतं. त्याच्या पाळीला तो काहीतरी कारण सांगून माझ्याकडेच येत होता, तेही मला खटकलं नाही.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये इंजिनाचे सुटे भाग विकणारा एक सिंधी दुकानदार आहे. आमच्या दोघांच्याही जुन्या ओळखीचा. मी त्याच्याकडून डिझेल फवारणारं एक नोझल नेलं, मग गव्हर्नरची स्प्रिंग, मग दुसरं नोझल. चौथ्यांदा गेलो तेव्हा त्याने हात आखडता घेतला.

"साईं, मला काय, मी विकायलाच बसलोय. पण तू पागल झालास काय? बल्ब ठोक्याला डोळा मारतो ना? मग नोझल काय करेल बिचारा? चाक बघ, चाक."

"चाकं गिरणीची आहेत. जड आहेत."

"नापलं?"

"घेताना मापलं."

"घेताना सगळेच मापतात. आता माप."

घरी येऊन चाकाच्या काठावर पंजा आडवा ठेवला. चारच बोटं मावली. अंगठा बाहेर लोंबत राहिला. रंग तोच लाल, चकाकी तीच. मिस्त्रीनेही आपल्या पंपाच्या चाकांवर लांबी भरली होती, त्यानेही तीन हात दिले होते. फिटर माणूस, काम नीट केलं होतं. मी तिथेच जमिनीवर बसलो. रागाच्या आधी एक विचार आला, तो लाजिरवाणा आहे पण लिहितो. वाटलं की माहीतच पडलं नसतं तर बरं झालं असतं. चाकांबरोबर माझे रविवार गेले होते, आणि मला तेवढा एकच वार उरला होता.

मग राग आला. रिक्षा केली आणि तसाच चिखलोलीला गेलो. नव्या उंच बिल्डिंगांच्या मध्ये त्याचं बैठं घर आहे, मागे पत्र्याची शेड. त्याचं इंजिन चालू होतं. वर तारेचा बल्ब लटकत होता. मिळत नाही म्हणाला होता तोच. स्थिर जळत होता.

"मिस्त्री, माझी चाकं काढ."

"कुठली तुझी?" त्याने इंजिन बंद केलं. "नंबर दाखव आणि घेऊन जा."

"नंबरावर मी लांबी भरली, हे तुला माहीत आहे."

"मग ओळखायची कशी रे?"

मी त्याला चोर म्हणालो. त्याची सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, तिच्यासमोर म्हणालो, दोनदा. त्याचा चेहरा उतरला. मग सून आत गेल्यावर, आवाज खाली आणून तो म्हणाला, "हो, बदलली. बारा वर्षं तू माझ्या बल्बावर हसलास. माझ्या घरात सात माणसं आहेत शेठ, येणारे-जाणारे आहेत, नातेवाईक शेडमध्ये येऊन बघतात. तुझ्या घरात बल्ब मिचकावला तर बघायला आहे कोण?"

"मागायचं होतंस."

"तुझ्याकडे? तू दिली असतीस? तू घासाघीस केली असतीस."

मी आयुष्यात कधी बोलण्यात हरलो नाही. त्या दिवशी मी तसाच रिक्षा शोधायला निघालो. परत येताना रिक्षावाल्याने सांगितलं ते भाडं मी निमूट दिलं.

नंतर दुकानदाराने मध्यस्थी केली. एक दिवस मला समोर बसवून म्हणाला, "साईं, दोन बुढ्ढे, दोन इंजिन, चार चाकं. काय लावलंय? तो बोलतो, चाकं घेऊन जा. पण सुनेसमोर चोर बोललास ते मागे घे."

"घेतो. आधी त्याने त्याचं मागे घ्यावं."

"त्याने काय बोललं?"

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडेना. शेवटी मी नको असलेलं एक गॅस्केट विकत घेतलं आणि उठलो.

त्याला सहा महिने झाले. मी आता रविवारी इंजिन सुरू करत नाही, इतर वारी करतो. रविवारी ते बंद असलं की आवारात कुणी येणार आहे असं वाटतं, चालू असलं की कुणी येणार नाही हे ऐकू येतं. हे मी कुणाला समजावू शकत नाही. चहा एकाचाच करतो, पण पातेलं अजून दोघांचं आहे, आणि एकाचा चहा त्यात तळाला लागतो.

दुकानात जे बोलता आलं नाही ते इथे लिहिलं. मिस्त्री, चाकं तुला ठेवायची तर ठेव. मी दिली असती की भाव केला असता, ते मलाही नक्की सांगता येत नाही. त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. पण माझ्या घरात बघायला कोण आहे, हे तू मला विचारलंस. बायको गेल्यावर माझ्या घरात येऊन बसणारा एकच माणूस उरला होता, आणि तो तू होतास. मग तू कोण म्हणून येत होतास? माझ्यासाठी येत होतास, की माझ्याकडे काय आहे ते बघायला? निरोप पाठवू नकोस, दुकानदाराला मध्ये घालू नकोस. स्वतः ये, माझ्यासमोर बस आणि याचं उत्तर दे.